आप्पांची उठबस

चकलांब्याच्या शाळेत म्हाताऱ्या माणसांची तपासणी ठेवली होती, त्याला आता चार वर्षं झाली. मी बीडला फिजिओथेरपीचं काम करते. साठीच्या पुढच्या माणसांच्या अंगात ताकद किती उरली आहे आणि कोण पडण्याच्या बेतात आहे, हे मला त्या दिवशी पाहायचं होतं. त्याला काही फार लागत नाही. बिनहाताची एक खुर्ची, घड्याळ, मोजपट्टी आणि मुठीत दाबायचं एक यंत्र, ज्याच्या काट्यावर पकड किती घट्ट आहे ते कळतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, माझ्याबरोबर आले होते. शिरूरला आमचं कापडाचं दुकान. आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी लग्नांचे बस्ते त्यांच्या हातून बांधले गेलेले. मी हाक मारली तर म्हातारी माणसं जागची हलत नव्हती. आप्पा व्हरांड्यात उभे राहून म्हणाले, "या की रं, माझी लेक हाय, सुई टोचत न्हाई," तेव्हा रांग लागली.

पहिल्यांदा एक सत्तरीच्या पुढची बाई आली. सारा जन्म ऊसतोडीत गेलेला, नुकतीच फडावरून परतलेली. मी तिला सांगितलं, हात छातीवर बांधायचे आणि अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा खुर्चीतून उठायचं, बसायचं.

"माय, आमी कवा खुर्चीवर बसलो?" ती म्हणाली. पण बसली, आणि अशी उठत गेली की मला मोजताना धावपळ झाली. मग तिनं यंत्र मुठीत धरलं. सकाळी मी स्वतः दाबून पाहिलं होतं, त्याच्या पुढं तिनं काटा नेला.

तिच्यानंतर पुरुष पुढं येईनात. एकमेकांना कोपरानं ढोसत उभे राहिले. तेव्हा आप्पा हसत म्हणाले, "लाजता कावून? मी दाखवतो." ते खुर्चीवर बसले, हात छातीवर बांधले आणि उठायला गेले. उठले नाहीत. पुन्हा एक झोका घेतला, तरी जेमतेम वीतभर वर येऊन खाली टेकले. तिसऱ्या वेळी गुडघ्यांवर दोन्ही हात रेटून उभे राहिले.

"खुर्ची लई बुटकी हाय," आप्पा म्हणाले. सगळे हसले, तेही हसले. ती बाई तेवढी हसली नाही. माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "माय, आदी घरचं माणूस बघ."

परतीच्या वाटेवर मला दुकानातले जुने दिवस आठवत होते. वरच्या फळीवरचं कापडाचं ठाण आप्पा एका हातानं उतरवायचे आणि गादीवर असं फेकायचे की ते गिऱ्हाइकापुढं उलगडत जायचं. कात्रीनं नुसता कापडाचा काठ तोडायचे, बाकीचं दोन हातांनी टर्रकन फाडायचे. तो आवाज मला वरच्या मजल्यावर अभ्यास करताना ऐकू यायचा. लहानपणी कपिलधारला दरवर्षी दर्शनाला जायचो, तेव्हा पायऱ्यांवर मी थकले की ते मला खांद्यावर घ्यायचे, आणि वर एका हातात पाण्याचा कॅन असायचाच.

हे सगळं कधी गेलं? ठाणं खालच्या फळ्यांवर आली होती, ते मी पाहिलं होतं. दुकानात चालताना त्यांचा एक हात सतत कपाटाला असायचा, तेही पाहिलं होतं. बीडला रोज दुसऱ्यांच्या वडिलांच्या पोटऱ्या मोजणारी मी, घरी आल्यावर चहा पिऊन, दोन गोष्टी बोलून निघून जायची.

"आप्पा, तुमची तपासणी करू," मी दुसऱ्या दिवशी म्हटलं.

"कावून? मला काय झालंय?"

दोन आठवडे हेच चाललं. मग एका दुपारी दुकानात कोणी नसताना त्यांनी स्वतःच शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणाले, "आण तुझं घड्याळ."

चालण्याचा वेग पाहायला चार मीटरचं अंतर लागतं. मी पट्टी काढली, तर ते म्हणाले, "ठेव ती. माप दुकानदाराला करू दे." कापड मोजायची लोखंडी मीटरपट्टी त्यांनी चार वेळा फरशीवर टेकवली आणि खडूच्या रेघा मारल्या. वाकताना प्रत्येक वेळी गल्ल्याच्या टेबलाचा आधार घेतला. मग ते ताडताड चालून दाखवायला लागले.

"आप्पा, रोज चालता तसं चाला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग रोजच्यासारखे चालले. ते चार मीटर संपायला इतका वेळ लागला की मी घड्याळाकडं बघायचं सोडून त्यांच्या पावलांकडं बघत राहिले. पावलं उचलली जात नव्हती, घासत होती. शेवटी मी त्यांना एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावून उभं राहायला सांगितलं. ते लगेच डोलले आणि माझ्यावर कलले. मी धरलं. मला खांद्यावर घेणारा तो माणूस माझ्या खांद्यावर अगदी हलका लागला.

तसंच धरून मी विचारलं, "या आधी कधी पडलात?"

"दोनदा. एकदा मागच्या पायरीवर, एकदा न्हाणीत."

आई गेल्यापासून ते खालच्या खोलीत एकटे झोपायचे. भाऊ आणि वहिनी वर असायचे. दोघांनाही पत्ता नव्हता.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू दुकान बंद करायला लावलं असतं."

मला राग आला, पण ते खरं होतं. मी तसंच केलं असतं. पेशंटच्या घरच्यांना मी कितीदा सांगितलं होतं, आता यांना जास्त हिंडू देऊ नका म्हणून. बसून राहिलं की पाय आणखी जातात, हेही मीच सांगायची.

मग दर बुधवारी दुपारी मी शिरूरला जायला लागले. डॉक्टरांना दाखवून त्यांची रक्तदाबाची गोळी कमी केली. उठताना चक्कर यायची ती त्यामुळंच होती. न्हाणीत भिंतीला दांडी बसवली. रात्री अर्धी भाकरी आणि ताक एवढ्यावर ते भागवत होते. वहिनीनं डाळ, शेंगदाणे, दूध सुरू केलं. गादीवरची बैठक सोडून ते स्टुलावर बसू लागले. गिऱ्हाइकाला प्रत्येक लुगडं दाखवायला उभं राहायचं, असं मी ठरवून दिलं. व्यायाम म्हटलं की त्यांना लाज वाटायची. धंदा म्हटलं की ते कितीही वेळा उठायचे.

एका गोष्टीला मात्र ते तयार होईनात. पडल्यावर जमिनीवरून उठायचं कसं, ते मला शिकवायचं होतं. "दुकानात लोळायला लावतेस व्हय?" म्हणायचे. शेवटी एकदा कसेबसे फरशीवर आडवे झाले, कुशीवर वळले, हातापायांवर आले, आणि नेमकी तेव्हाच चकलांब्याची ती बाई नातीच्या लग्नाचं कापड घ्यायला दारात उभी राहिली. आप्पा रांगत्या पोरासारखे तिच्यापुढं. शरमेनं त्यांचे कान लाल झाले.

तिनं पिशवी बाजूला ठेवली आणि सरळ फरशीवर बसली.

"आप्पा, असं न्हाई. माझ्याकडं बघा. डोक्यावर मोळी घिऊन आमी असंच उठतो. एक गुडघा खाली, दुसरं पाऊल म्होरं. सगळा भार म्होरल्या पायावर. घाई करायची न्हाई."

ती उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. आप्पांनी स्टुलावर हात टेकला, एक पाऊल पुढं घेतलं आणि तिच्याबरोबर उभे राहिले. मी शिकवलेलंच होतं सगळं, पण माझ्या सांगण्यात मोळी नव्हती. त्या दिवशी आप्पांनी तिला सगळी ठाणं स्वतः काढून दाखवली, तिला नको असलेलीसुद्धा.

पावसाळा सरता सरता एक दिवस दवाखान्यात माझा फोन वाजला.

"पडलो," आप्पा म्हणाले.

"कुठं? कुठं लागलं?"

"अंगणात, शेवाळावर. कोपर खरचटलंय. आता खुर्चीवर बसलोय."

"कुणी उचललं?"

"कुणी न्हाई. उठलो मी." मग म्हणाले, "घाई केली न्हाई."

मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले.

आप्पा त्यानंतर अडीच वर्षं होते. शेवटच्या दोन महिन्यांपर्यंत दुकानात बसले, आणि गेले ते झोपेत, आपल्या खाटेवर. भावानं आता तिथं तयार कपडे ठेवलेत. फाडण्यासारखं कापडच नाही.

मला ते बुधवार फार आठवतात. लग्न होऊन गेल्यापासून आप्पांबरोबर इतक्या दुपारी मी कधीच काढल्या नव्हत्या. ते अंगणात पडले त्याच वर्षीच्या थंडीत आम्ही दोघंच कपिलधारला गेलो. ते दांडीला धरून पायऱ्या उतरले, दर्शन घेतलं, धबधब्याची बारीक धार बघत भाकरी खाल्ली आणि मध्ये एकदाच बसून परत वर आले. परतताना गाडीत मांजरसुंबा मागं गेल्यावर म्हणाले, "एक सांगू का? तू त्या कॉलेजात गेलतीस ना, तवा मला वाटलं ही मालिश शिकायला चालली. बाजारात मी सगळ्यांना सांगितलं, पोरगी डोळ्यांची डॉक्टर होणार हाय."

"डोळ्यांची का?"

"दुसरं काय सुचलंच न्हाई बघ," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं इतके हसलो की मला गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली.