दारावरची बांगड्यांची माळ

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं लोटली होती, तरी कुणी दार वाजवलं की मी आधी फटीतून बघायची. पोलीस ॲक्शनच्या गडबडीत, मुसलमानाचं घर म्हणून, आम्ही नवरा-बायको ज्वारीच्या कणगीमागं लपून बसलो होतो. ते भ्याव अंगातून गेलंच नव्हतं. दीर तेव्हाच हैदराबादला निघून गेले आणि तिथून त्यांचा एकच धोशा, तुम्हीपण या.

आमचं बांगड्यांचं दुकान मराठवाड्यातल्या वाशीच्या बाजारात, पुढं दुकान अन् मागं घर. हे माल आणायचे, मी बायकांच्या हातात बांगड्या भरायची. अशात मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं दुकानांची अख्खी ओळ विकत घेतली. ओळीला असलं इंग्रजी नाव दिलं की बाजारात एकालाही धड घेता येईना! सगळ्या दारांना एकच निळा रंग, आणि वर मॅनेजरचा हुकूम, दारावर कुणी काय लटकवायचं न्हाय. चांभारानं जोडा उतरवला, आम्ही हिरव्या बांगड्यांची माळ. अहो, पाटी वाचता कुणाला येतंय? खेड्यातल्या बाया त्या माळेवरच दुकान ओळखायच्या.

"बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक आलं तर राहू," हे म्हणाले, "न्हाय तर आपलं इथलं दाणापाणी संपलं." सामान भरून पेटीला दोरी आवळून ठेवली. मला दिवस गेलेले.

बाजाराच्या दिवशी सकाळपासून कुणी फिरकलं नाही. दुपारी फटीतून बघते तर बाहेर बायांचा घोळका, मागं गडी. कुणी बोलत न्हाय, कुणी आत येत न्हाय, नुसते आमच्या दाराकडं बघत उभे. या अल्ला! यांनी कडी घातली, वर पेटी ओढून दाराला लावली.

दार वाजलं.

"भाबी, उघडा. आमीच हाव."

आवाज ओळखीचा होता. दरसाल माझ्याकडं चुडा भरणारी शेतकऱ्याघरची म्हातारी. "उघडू नको," हे पुटपुटले. मी पेटी सरकवली अन् दार जरासं उघडलं.

तिनं आधी माझे हात धरले, मनगटं चाचपली. "हाईत की गं! बांगड्या हाईत!" ती मागं वळून ओरडली आणि मटकन उंबऱ्यावर बसून रडायलाच लागली. मला काही उमजेना.

"बांगडीवालीच्या दारावरनं बांगड्या उतरल्या, भाबी," ती म्हणाली. "आमाला वाटलं, तुमचे मालक, आमचे मामू, गेले. भेटायला आलो, पण आत पाऊल टाकायचा कुणाला धीर हुईना."

हे माझ्यामागून पुढं आले. बाहेरच्या गड्यांनी मुंडाशी काढून हातात धरली होती, ती तशीच राहिली.

"मी मेलो म्हणून ह्या रडायला आल्या," हे मला म्हणाले, "आणि मी त्यांना कडी लावली."

मग यांनी पेटीची दोरी सोडली, आणि त्याच दोरीनं माळ पुन्हा दारावर बांधली.