गुरामीला सोबत

माशांच्या खाण्याचा डबा उघडला की सुक्या जवळ्यासारखा वास येतो आणि बाबा गेल्यानंतरचा मुलुंडच्या घरातला एक रविवार आठवतो. बाबांचा गुरामी मासा काचेच्या टाकीत एकटाच होता. पोटाखालच्या दोऱ्यांसारख्या दोन लांब मिशांनी काच, झाडं, सगळं हळूच चाचपत फिरायचा. आईला सोबत म्हणून राहायला आलेली आत्या म्हणाली, "वहिनी, एकटा पडलाय गं बिचारा," आणि बाजारातून पट्टेवाले टायगर बार्ब मासे आणून तिने टाकीत सोडले. मी नुसती बघत होते. रडू अजून आलंच नव्हतं. दुपारपर्यंत बार्बनी गुरामीच्या मिशा कुरतडून आखूड केल्या आणि तो झाडामागे जाऊन थांबला. आईने जाळी घेतली, एकेक बार्ब पकडून पाण्याच्या पिशवीत परत टाकला आणि पिशवी आत्याच्या हातात दिली. "त्याला सोबत नको होती हो, वन्सं," ती शांतपणे म्हणाली. संध्याकाळी आत्याने स्वतःची बॅगही भरली. आई अजून तिथे एकटीच राहते. तिच्या टाकीत खाणं टाकताना 'आमच्याकडे राहायला ये' म्हणायला मी तोंड उघडते, आणि तसंच मिटते.