माझ्या नवीन माइटने आज कात टाकली

चंदीगडच्या मराठी मंडळींनो, आज मी टाचणीच्या टोकाहून लहान किड्यापुढे हरले.

माझी पीएचडी मातीतल्या माइटवर आहे. पालापाचोळ्याखाली राहणारे हे जीव कुठल्या जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या कुठल्या गटात बसतात, ते मी ठरवते. सहा महिन्यांपूर्वी डेराबस्सीजवळच्या बागेतल्या मातीत दोन प्रकार मिळाले. एक गडद, टणक, ओळखीचा. दुसरा फिकट, सुरकुतलेला, कुठल्याच जीनसमध्ये न बसणारा. काहीतरी नवीन सापडलं म्हणून आईने तिकडे साताऱ्यात पेढेसुद्धा वाटले.

आज सकाळी जिवंत ठेवलेल्या फिकट माइटांची डबी मायक्रोस्कोपखाली धरली. एकाची कात मागून फाटली होती आणि आतून माझा तो ओळखीचाच माइट निघत होता. फक्त अंगावर गडद रंग चढायचा राहिला होता. म्हणजे फिकट ती सगळी त्याचीच पिल्लं.

गाइड मॅडमना बोलावलं. त्या डोकावून म्हणाल्या, "लो जी, बच्चे को माँ से अलग खानदान में डाल दिया तूने." मग पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पर ये देखना भी किस्मत है, बेटा."

असेल. मला आनंद व्हायला हवा होता, पण नुसतं बसावंसं वाटलं. तो माइटही अर्धा बाहेर येऊन थांबला होता, हलेचना.

आत्ताच आईचा मेसेज आलाय, "तुझा नवीन किडा कसा आहे गं?"

काय उत्तर देऊ, सांगा. "मोठा झाला" एवढंच लिहू का?