भट्टीवरची खोली

आमच्या बेकरीची भट्टी महिन्यातून एकदाच थंड पडायची, अमावास्येला. आम्ही मुसलमान, आम्हाला अमावास्येचं काय? पण सोलापुरात कामगार अमावास्येला सुट्टी घेतात, तेव्हा मालक कुणीही असो, भट्टीला अमावास्या पाळावीच लागते. आदल्या दिवशी पावाची शेवटची खेप निघाली की जाळ बंद व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा जुनी लुंगी नेसून, नाकातोंडाला ओला पंचा बांधून धुराडं साफ करायला उभे राहायचे. त्या दिवशी त्यांच्या वाटेला जायचं नाही, हे घरातल्या मांजरालाही कळत होतं. माझ्या लग्नाची तारीख धरताना त्यांनी अमावास्या टाळली, तेव्हा माझे सासरे हसून म्हणाले होते, तुम्ही पण मानता होय? अब्बा म्हणाले, मी धुराडं मानतो.

भट्टी म्हणजे विटांची एक बुटकी खोलीच. तिचं तोंड दुकानाच्या मागच्या बाजूला, आणि तोंडावरून निघालेलं धुराडं भिंतीच्या पोटातून वर चढत, माडीवरच्या खोलीच्या कोपऱ्यातून छपराबाहेर पडलेलं. ते साफ करायचं तर बाभळीच्या फांद्यांची मोळी करायची, तिला वीट बांधायची आणि दोन्हीकडून दोर लावायचे. एक माणूस छपरावर, एक खाली, आळीपाळीनं ओढत राहायचं. घमेल्यात काजळी पडत राहायची. कोरड्या लाकडाची काजळी भुसभुशीत असते, झटक्यात निघते. ओल्या लाकडाची डांबरासारखी चिकटून बसते, तिला साखळीनं खरवडावं लागतं. शेवटी अब्बा स्वतः हातात बॅटरी घेऊन भट्टीच्या आत शिरायचे आणि एकेक वीट वाजवून बघायचे. भेग दिसली की त्याच दिवशी लिंपायची. राख पोत्यात भरायची नाही, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच भरायची. लाकडं तोंडापासून लांब रचायची. हे मोडणाऱ्याचा ते बापजाद्यांसकट उद्धार करायचे. हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर लोक म्हणाले की बेकरीवाला निष्काळजी होता. निष्काळजी माणसं मी पाहिलेली आहेत. माझे अब्बा तसले नव्हते.

माडीवरची ती खोली भट्टीच्या बरोबर वर होती, त्यामुळे तिची फरशी बारा महिने कोमट असायची. उन्हाळ्यात तिथं कुणी पाऊल ठेवत नसे. पण बाळंतिणीसाठी ती राखून ठेवलेली असायची. आमच्या घरची रीतच तशी होती. लेक असो की सून, चिल्ला, म्हणजे बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस, तिनं त्या खोलीत काढायचे आणि तेवढे दिवस खालची भट्टी थंड पडू द्यायची नाही. पडली तर बाईच्या हाडांत गारठा शिरतो आणि दूध आटतं, असं मानायचे. त्या महिन्यात कामगार अमावास्येला घरी गेले तरी घरातलं कुणीतरी ओंडके सरकवत बसायचं. अब्बांचे पहिले चाळीस दिवस त्याच खोलीत गेले, माझेही तिथंच गेले. तेव्हा वर पत्रे होते आणि पत्र्याखालच्या फटीतून चिमण्या आत यायच्या, इतकी ती मोकळी होती.

माझ्या बाळंतपणासाठी अब्बांनी खोली नव्यानं करून घेतली. पत्रे गेले, स्लॅब आला. काचेची सरकती खिडकी बसली. भिंतींना गुळगुळीत गिलावा आणि वर फिकट गुलाबी रंग. मी कुर्डुवाडीहून, सासरहून आले, तेव्हा ते जिन्यात उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, गुलाबी कुणी सांगितला होता? ते खट्टू होऊन खाली गेले. मला खोली फार आवडली होती, पण आवडलं असं सरळ म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

मला मुलगी झाली. दिवाळी होऊन गेली होती, पहाटे चांगलाच गारठा पडत होता. दवाखान्यातून घरी आणल्यावर अम्मीनं माझे कान रुमालानं बांधले, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दाराला आतून गोधडी लावली. वारा लागता कामा नये. पाळणा माझ्या बिछान्यापलीकडे, धुराड्याच्या कोपऱ्यात, कपाटाला लागून लावला, कारण तिथं सगळ्यात जास्त ऊब होती.

त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता आणि वखारीतून येणारं लाकूड आतून ओलंच होतं. भट्टीवर काम करणारा माणूस मोहोळकडचा, अब्बांच्या वयाचा. अमावास्या जवळ आली तशी तो जिन्याशी येऊन अब्बांशी बोलायला लागला. मला वर ऐकू येत होतं.

"मालक, धूर माघारी याय लागलाय. तोंडातनंच भायेर येतुय. अमावास्येला इझवूया की."

"इझवून कसं चालंल? माझी पोर वर हाय."

"एक दीस तर."

"एक दीस न्हाय आन अर्दा दीस न्हाय. तिचा चिल्ला हुं दे, मग साखळी घालू."

घरात आम्ही दखनी बोलतो, पण अब्बांची मराठी अशी होती, कामगारांत राहून झालेली. मला लिहायला मराठीच येते, म्हणून अब्बा-अम्मीचं सगळंच बोलणं मी इथं त्याच मराठीत लिहिते आहे.

भट्टीच्या बाबतीत सख्ख्या भावाचंही न ऐकणारे अब्बा माझ्यासाठी आपलाच नियम मोडायला तयार झाले. तरी ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. जाळात मूठमूठ खडेमीठ टाकत राहिले, त्यानं काजळी सुटते म्हणतात. धुराडं जिथं भिंतीत वळतं तिथं एक छोटं लोखंडी दार होतं. ते उघडून तापल्या धुराड्यात सळईनं ढोसत राहिले. मनगट भाजलं. अम्मीला कळू दिलं नाही, पण मला दाखवायला वर आले आणि म्हणाले, "बग, तुझ्यापायी." मी म्हटलं, मग किराणा दुकानच टाकायचं होतं. दोघंही हसलो. ढोसून सैल झालेली काजळी खाली पडत नव्हती, त्या वळणावरच साचत होती, हे आम्हाला नंतर कळलं.

माझं डोकं दुखायला लागलं. सकाळी जाग आली की कपाळ ठणकायचं, पोटात ढवळायचं, उभी राहिले की पाय लटपटायचे. अम्मी म्हणाली अशक्तपणा, आणि हरीऱ्यात, बाळंतिणीच्या खिरीत, तूप वाढवलं. शेजारणी म्हणाल्या नजर, म्हणून मिरच्या ओवाळून त्याच भट्टीत टाकल्या. अम्मीलाही वर बसलं की जड वाटायचं, पण ती त्याचं खापर जिन्यावर फोडायची.

बाळ मात्र शांत. बघायला येणारी प्रत्येक बाई हेच म्हणायची. काय गुणी पोर हाय, रडत न्हाय, तरास देत न्हाय. ती दूध प्यायची आणि झोपायची, कधी कधी पिता पिताच झोपायची. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू. एकदा तिला वजन करायला दवाखान्यात नेलं. रिक्षात बसलो, थोडं पुढं गेलो आणि तिनं जे भोकाड पसरलं, ते दवाखान्यात डॉक्टरबाईंच्या टेबलावरही चालूच. नर्स म्हणाली, "हिचा आवाज लई मोठा हाय की." मलाही त्या दिवशी हलकं वाटत होतं, येताना मी रिक्षा थांबवून पेरू घेतले. घरी आलो, दार लावलं, गोधडी सोडली आणि थोड्या वेळात ती पुन्हा गप्प झाली. अम्मी कौतुकानं म्हणाली, "बग, घर वळाखलं पोरीनं." मला त्या वाक्याचा आजही संताप येतो. अम्मीचा येत नाही, वाक्याचा येतो.

चिल्ला संपत आला होता. गारठा वाढला म्हणून अब्बांनी कामगाराला जाळ वाढवायला सांगितला.

रोज सकाळी पहिल्या खेपेतला गरम पाव मस्का लावून ते स्वतः वर आणायचे आणि जिन्यातूनच मला हाक मारायचे. त्या सकाळीही हाक आली. मला ती ऐकू आली, मी ओ दिली असं मला वाटलं. उठून बसले असंही वाटलं. प्रत्यक्षात माझं बोटसुद्धा हलत नव्हतं. मग दार आदळलं आणि अब्बांनी मला उचललं. त्यांच्या बनियनला पिठाचा वास येत होता, तेवढं आठवतं. त्यांनी मला जिन्यातून खाली आणलं, बाहेर ओट्यावर उघड्यावर ठेवलं आणि परत वर गेले.

आधी बाळाला उचलायला हवं होतं, असं आजवर कुणी म्हणालं नाही. मीही म्हणत नाही. दारातून त्यांना त्यांची पोर दिसली, त्यांनी ती उचलली. तिला घेऊन खाली आले तेव्हा ते धावत नव्हते.

दवाखान्यात माझ्या नाकावर मास्क लावला होता. डॉक्टरांनी विचारलं, खोलीत शेगडी ठेवली होती का? अम्मी म्हणाली, नाही. मग भट्टीचं निघालं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की जळण नीट जळलं नाही आणि धूर कोंडला की त्यात एक वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. तो रक्तात भिनत जातो आणि लहान जीव आधी जातो. कुर्डुवाडीहून माझा नवरा आला आणि दोघा-तिघांनी मिळून तिला कबरस्तानात नेलं. मी तेव्हा दवाखान्यातच होते.

भट्टी विझवली. पुरती थंड झाल्यावर त्या मोहोळच्या माणसानं धुराडं उघडलं. वळणावर जेमतेम मूठ जाईल एवढीच जागा उरली होती. माडीवर कोपऱ्यातलं कपाट सरकवलं, तर मागे गुलाबी गिलावा उकललेला आणि आत धुराड्याच्या विटांत बोट शिरेल अशी भेग. पत्रे उतरवताना हादरा बसून पडली असेल आणि गवंड्यानं तिच्यावरून गिलावा ओढला असेल. एकेक वीट वाजवून बघणाऱ्या माझ्या अब्बांनी ती भिंत वाजवून बघितली नाही. ती भट्टीची भिंत आहे असं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्या लेखी ती माझ्या खोलीची भिंत होती.

घरी आले तर खालची भट्टी थंडगार होती आणि माझं दूध काही आटलं नाही. कुर्ता भिजायचा. अम्मी जुन्या ओढण्या फाडून घड्या करून द्यायची. एकदा अब्बांसमोर बसलेली असताना कुर्ता भिजला. त्यांनी पाहिलं, उठले आणि चप्पल न घालताच पेठेत निघून गेले. संध्याकाळी कुणीतरी त्यांना घरी आणून सोडलं.

पुढे ती माडी त्यांनी उतरवून टाकली. भट्टी मात्र पुन्हा पेटली. त्याचाही मला बरेच दिवस राग होता, पण बेकरीवर पाच-सहा घरं जगतात आणि अब्बांना दुसरं काही येत नाही. आता अमावास्येची वाट बघत नाहीत, आठवड्याला धुराडं साफ करतात. कुणावर ओरडत नाहीत. मला ते ओरडणारे अब्बा हवे आहेत, पण ते गेले.

मी सासरी परत निघाले तेव्हा ते स्टेशनवर पोचवायला आले. माझा नवरा त्यांना एका शब्दानं बोलला नव्हता. त्यानं बोलावं, शिव्या द्याव्या, असं अब्बांना फार वाटत होतं, हे मला दिसत होतं. तो पाण्याची बाटली आणायला गेला आणि आम्ही दोघंच बाकावर राहिलो. अब्बा रुळांकडे बघत म्हणाले,

"एक इचारू?"

"विचारा की."

"तिला लई तरास झाला असंल का?"

हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं नव्हतं, अम्मीलाही नाही. त्या खोलीतून परत आलेली मी एकटीच होते, तेव्हा विचारायचं तर मलाच.

"नाही अब्बा," मी म्हटलं. "काही कळतच नाही. नुसती झोप येते, गोड."

"खरंच?"

"मी होते की तिथं. माझ्यापेक्षा कुणाला माहीत?"

त्यांनी मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. मग गाडी लागली, नवरा आला, आणि अब्बांनी पिशव्या उचलून आत ठेवल्या, खिडकीची जागा धरून दिली, बाहेरून माझ्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता. गाडी सुटली तरी ते हात वर करून उभे होते.

त्या खोलीत माझं डोकं कुणी आतून घण घालावेत तसं दुखत होतं. उलट्या होत होत्या, छातीवर दगड ठेवल्यासारखा श्वास जड व्हायचा, आणि हे शेवटच्या दिवसापर्यंत चालू होतं. पण मला निदान डोकं दुखतंय असं सांगता येत होतं.