गिनीवरची लाल माती

पोलिसातल्या नोकरीतल्या बहुतेक केसेसचे आकडे आता पुसट झाले आहेत, या केसचे मात्र नाहीत. मार्चमधला तिसरा मंगळवार, सकाळचे साडेदहा. ऑकलंडमधल्या जुन्या नाण्यांच्या एका दुकानाचा काउंटर. हजर तिघे: दुकानदार, मी आणि सोन्याची गिनी घेऊन आलेला एक गृहस्थ. रक्कम, चौदाशे डॉलर.

त्या सुमारास भारतीय लोकांच्या घरांतून सोनं चोरीला जात होतं. म्हणून मी जुनं सोनं घेणाऱ्या दुकानांना सांगून ठेवलं होतं, की आपल्याकडच्या दागिन्यातलं काही आलं तर आधी स्टेशनला कळवा. दुकानदाराने फोन केला. गिनीच्या वरच्या कडेला, राजाच्या डोक्याच्या वर, कडी जोडल्याची खूण होती, म्हणजे ती कुठल्या तरी हारातून निघालेली होती. या खुणेमुळे तिला नुसत्या सोन्याचा भाव, चौदाशे. खूण नसती, तर त्या सालच्या नाण्याला शौकिनांनी चार हजार मोजले असते. गिऱ्हाइकाचं म्हणणं असं, की खूण घासून काढा आणि नाणं स्वच्छ करून द्या. दुकानदाराने त्याला मंगळवारची वेळ दिली आणि मलाही.

गृहस्थ चाळिशीचा, मूळ पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, बॉटनी डाउन्सला राहणारा. मेटल डिटेक्टर घेऊन हिंडायचा छंद. मी मराठीत बोललो तसा त्याचा चेहरा सैल झाला. "अहो, तुम्ही तर आपलेच निघालात. दोन मिनिटांत मिटेल ना हे?"

मी गिनी होती तशी पाकिटात सील केली, त्याला पावती दिली आणि स्टेशनवर यायला सांगितलं.

तिथे त्याला हक्क समजावून सांगितले. वकील नको म्हणाला. रेकॉर्डिंग सुरू केलं. नाणं बीचवर मिळालं, असं त्याने तीन वेळा सांगितलं. माझा अनुभव असा, की खरं बोलणारा माणूस तिसऱ्या वेळी वैतागतो. हा दर वेळी जास्त नम्र होत गेला.

मी पाकीट आणि भिंग त्याच्यापुढे सरकवलं. अक्षरांच्या खाचांत लाल माती घट्ट बसली होती.

"बीचवर वाळू असते. ही माती कुठली?"

त्याने भिंग उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. मग म्हणाला, "पुकेकोहे गावाकडची. कांदा काढून झालेलं शेत होतं. परवानगी नव्हती घेतली. सर, सिटिझनशिपचा अर्ज टाकलाय हो. म्हणून बोललो नाही."

घरफोडीशी त्याचा संबंध नव्हता, हे दोन दिवसांच्या तपासात स्पष्ट झालं. शुक्रवारी दुपारी त्याला घेऊन मी त्या शेतावर गेलो. मालक पन्नाशीचा गुजराती, इथेच जन्मलेला. आमचं काही हरवलेलं नाही, ज्याला मिळालं त्याने ठेवावं, असं तो इंग्रजीत म्हणाला आणि जायला वळला. एवढ्यात त्याची आई पदराला हात पुसत बाहेर आली. वय ब्याऐंशी. सगळे तिला बा, म्हणजे आई, म्हणत. मी हिंदीत सांगितलं, शेतात सोन्याचं नाणं सापडलं आहे. खुणेचं मुद्दाम बोललो नाही. तिने एकच विचारलं, "राजाच्या डोक्यावर कडी होती?"

मग तिने आतून डबा आणला. हारात अकरा गिन्या होत्या आणि बारावीची जागा मोकळी. प्रत्येकीची कडी त्याच जागी जोडलेली. मी सील उघडून गिनी तिच्या हातावर ठेवली.

तिने सांगितलं ते असं: लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात पाहुणे येऊन गेले आणि हार न उतरवताच ती शेतात कांदे काढायला गेली. संध्याकाळी एक गिनी कमी भरली. पडली, हे तिचं म्हणणं सासूने मानलं नाही. तू ती माहेरी पाठवलीस, म्हणाली. भरपाई म्हणून सुनेच्या हातातली माहेरची बांगडी काढून घेतली आणि स्वतःच्या मुलीला घातली. या गोष्टीला साठ वर्षं झाली होती. सासू केव्हाच गेली, पण नणंद आहे, इथेच ऑकलंडमध्ये, न्यू लिनला.

आमचा गृहस्थ दाराशी उभा होता. खालच्या आवाजात म्हणाला, "आजी, मी माझ्या खर्चाने साफ करून आणून देतो."

बाने गिनी मुठीत धरली. "धुवायची नाही. धुतली तर नणंद म्हणेल, नवी आणली."

मुलगा हसला. ती हसली नाही.

ज्या खुणेने दुकानात सव्वीसशे डॉलर कमी केले, त्याच खुणेने मालकीण सापडली. दुकानदाराने त्या सकाळी आधी नाणं साफ करून मग मला बोलावलं असतं, तर माझ्या हाती काहीच उरलं नसतं. पुरावा सापडेल तसा ठेवावा, हे मी नव्या पोरांना चोवीस वर्षं शिकवत आलो. पण मी मोजत होतो ते चोरीच्या सोन्याचे ग्रॅम. एका घरात चौकशीशिवाय साठ वर्षं चाललेली शिक्षा माझ्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हती.

शेवटी देणंघेणं झालं ते असं. दुकानदाराची तपासणी फी चाळीस डॉलर, ती आमच्या गृहस्थाने भरली. विनापरवाना शेतात शिरल्याबद्दल त्याला लेखी ताकीद मिळाली. बाने त्याला पाकिटात एकशे एक डॉलर दिले. तो नको नको म्हणत होता, तिने पाकीट त्याच्या खिशात घातलं.

पंधरा दिवसांनी मुलाचा फोन आला. न्यू लिनला नणंदेने चष्मा लावून गिनी पाहिली, नखाने थोडी माती उकरून पाहिली. उठून बेसिनपाशी गेली, हाताला साबण लावून बांगडी काढली, पुसली आणि बाच्या पुढ्यात ठेवली. वजन सव्वा तोळा.