हिरवी खूण

दुकानांच्या, शिकवणीवर्गांच्या वेबसाइट घरबसल्या सांभाळायच्या, हा त्याचा धंदा. त्यामुळे गल्लीत तो वेबसाइटवालाच. त्या सकाळी तो गॅसवरच्या दुधावर पहारा देत होता आणि बायको त्याच्याच शर्टाला बटण लावत होती. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दारात बाइंडरकाका. जुनी पुस्तकं उसवून पुन्हा शिवणारे. नखांत खळ वाळलेली.

"बसत नाही. ती माझी वेबसाइट तेवढी बंद कर. तीन महिन्यांत चिटपाखरू फिरकलं नाही. पुस्तकं दाबायचं यंत्रही विकायला काढलंय, उद्या गिऱ्हाईक येतंय."

महिन्यापूर्वीच काकांनी त्याला विचारलं होतं, "निरोप येत नाहीत रे, काही बिघडलंय का?" आणि त्यानं न बघताच ऐटीत ठोकून दिलं होतं, "साइट ठणठणीत आहे, काका. हल्ली जुनी पुस्तकं बांधून घेतं कोण?"

"अहो, तीन महिन्यांपूर्वी साइट क्लाउड कंपनीच्या सर्व्हरवर हलवलीत, तेव्हा निरोप पाठवून बघितला होतात ना?" बायकोनं दातानं दोरा तोडत विचारलं.

"म्हणजे काय! 'निरोप पोचला' अशी हिरवी खूण येते."

"खूण येते हो. निरोप जातो का?"

तिनं मोबाइलवर काकांच्या साइटवरचा, त्यांना मेल पाठवणारा निरोपाचा फॉर्म भरला. हिरवी खूण आली. काकांच्या हातातला फोन मात्र मुकाच. मागे दूध उतू गेलं.

त्यानं मान खाली घालून लॅपटॉप उघडला. कुणी कचरा-मेल पसरवू नये म्हणून क्लाउड कंपनी नव्या सर्व्हरवरून मेल बाहेर जायचं दार बंदच ठेवते. कंपनीच्या पहिल्याच पत्रात तसं लिहिलं होतं. ते त्यानं अर्धवट वाचून सोडलं होतं. आता त्यानं मेल पाठवणारी वेगळी सेवा घेतली, साइट दुसऱ्या वाटेनं तिला जोडली आणि ही सेवा काकांच्या वतीनं मेल पाठवू शकते, अशी नोंद काकांच्या डोमेनवर, म्हणजे साइटच्या पत्त्यावर, केली. बसत नाही म्हणणारे काका तासभर बसले. बायकोनं पुन्हा फॉर्म भरला, आणि काकांचा फोन टिंग वाजला: 'काका, चहा टाकू का?'

हसलं कुणीच नाही. कारण साइटच्या साठ्यात जुने त्रेचाळीस निरोप पडून होते. एका बाईंचे त्यांत तीन. त्यांच्या वडिलांच्या हस्ताक्षरातली वही सुटी झाली होती, ती बांधून हवी होती. शेवटचा निरोप त्याला मोठ्यानं वाचवेना: 'उत्तर देण्याइतकंही माझं काम मोठं नसेल. राहू द्या.'

"काका, साइट ठणठणीत नव्हती. मी बघितलंच नव्हतं. उगाच बोललो."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"यंत्राच्या गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून कळवतो. तू एकच कर. त्या बाईंना तुझ्या नावानं लिही. काका मुद्दाम गप्प बसले नव्हते, एवढंच लिही."