दुखण्यांचे मापाडी

इंग्रजी नाव लागल्याशिवाय पारोळा तालुक्यातून एकही दुखणं आजवर बरं होऊन गेलेलं नाही, आणि हे नाव लावण्याचं काम आमच्या नानांचं. नाना म्हणजे माझे थोरले काका. शाळा सातवीत सुटली, सगळा जन्म बाजार समितीत मापाडी म्हणून धान्य मोजण्यात गेला. दुखण्यांचं इंग्रजी मात्र त्यांनी धुळ्यातल्या दवाखान्यांच्या बाकांवर बसून कमावलं. आमच्याकडचा माणूस शेजाऱ्याजवळ तासभर कण्हेल, पण डॉक्टरसमोर बसला की "काही नही, बरं शे" म्हणून मोकळा होईल. एवढ्या मोठ्या माणसाला कशाला त्रास द्यायचा, असा आमचा संकोच. म्हणून गावातून कोणी दवाखान्यात निघालं की सोबत नाना. एसटीत त्याला खोदून खोदून विचारायचं आणि डॉक्टरपुढे सगळं इंग्रजीत मांडायचं.

बरं, ढोबळ बोललेलं त्यांना खपत नाही. मी एकदा नुसतं "सर्दी झालीय" म्हणालो, तर म्हणाले, "रनिंग नोज शे का ब्लॉक्ड नोज? कॉलेजमा इंग्रजी शिकाडस ना तू, मंग नीट सांग." शेळीने चारा सोडला तेव्हा गुरांच्या डॉक्टरलाही त्यांनी गंभीरपणे "लॉस ऑफ अ‍ॅपेटाइट" कळवलं होतं. तो डॉक्टर आमच्याच गल्लीतला, अहिराणीच बोलणारा. आम्ही सगळे हसायचो, मी जरा जास्तच.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी काकू घामाघूम होऊन ओट्यावर बसल्या. "गॅसच शे, दुसरं काही नही," म्हणाल्या. नानांनी ऐकून घेतलं नाही, मला गाडी काढायला लावली. धुळ्याच्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर दक्षिणेकडचा, त्याला मराठी जेमतेम. त्याने विचारलं तेव्हा काकूंनी नुसती मान हलवली. नाना पुढे झाले. "चेस्ट पेन. नो बर्निंग, टाइटनेस. लेफ्ट आर्म आल्सो. टू मच स्वेटिंग. मॉर्निंग सिक्स ओ'क्लॉक स्टार्ट." कुठे अडखळले नाहीत. मी इंग्रजीचा एम.ए. शेजारीच उभा होतो आणि माझ्या तोंडून ब्र निघत नव्हता. दोन मिनिटांत काकूंना आत नेलं.

दुपारी डॉक्टर बाहेर आला. "शी इज सेफ, अंकल. यू टोल्ड व्हेरी वेल." काकू नानांच्या बोलण्याने वाचल्या, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

डॉक्टर गेला आणि नाना मटकन बाकावर बसले. माझा हात धरून हळू आवाजात म्हणाले, "ती बरी शे, तरी मना जीव काबर घाबरस रे? याले इंग्रजीमा काय म्हनतस?" त्याला शब्द मला चार-पाच ठाऊक होते. त्यातला एकही सांगवेना. मी त्यांचा हात तसाच धरून ठेवला.